आम्ही इथं राहून राहिलो

आमच्या घरात भाकरीच्या दुरडीखाली, लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर, फळीवरच्या डब्यांच्या बुडाशी, जिथं तिथं पत्रकं असायची. अप्पांचा छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत होता. छापताना तिरका गेलेला, शाई फुटलेला प्रत्येक कागद अव्वा, म्हणजे माझी आई, आत ओढून घ्यायची. त्यामुळे मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकातून नव्हे. शेवटची भाकरी उचलली की खालून ‘जाहीर निषेध’ निघायचा, लोणचं काढायला गेलं की ‘बहिष्कार’. अप्पा सगळ्या पक्षांची पत्रकं छापत. लाल झेंडेवाले सकाळी येऊन गेले की त्याच बाकावर दुपारी त्यांचे विरोधक बसत, आणि दोघांनाही अव्वाचा चहा मिळे. संप, मोर्चा, धिक्कार हे शब्द मला पाढ्यांच्या आधी यायला लागले. जगातलं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्ह घेऊनच जन्माला येतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

छापखान्यात पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं. त्याचा आवाज म्हणजे एक जोराचा खट, मग कुणी श्वास आत ओढून घ्यावा तशी ओढ, पुन्हा खट. अव्वाच्या स्वयंपाकाचं घड्याळ तेच होतं. मशीन थांबलं की तवा चढायचा. मी कॉलेजात जायला लागले तोवर खिळे जुळवण्यात अप्पांपेक्षा माझा हात जलद झाला होता. शिशाची अक्षरं उलटी असतात, ती उलटीच वाचायची सवय लागते. अजूनही दुकानाच्या काचेवरची पाटी मला आतल्या बाजूनं आधी वाचता येते.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा काम नको म्हणावं लागलं. डॉक्टर, शाळा, आडत दुकानं, सगळ्यांना आपापल्या कागदांवरचा ‘जि. उस्मानाबाद’ काढून तिथं ‘जि. लातूर’ हवा होता. आमच्याकडचे ‘तू’चे खिळे झिजून गुळगुळीत झाले. अप्पा म्हणत, “सरकारनं जिल्हा दिला, आता जरा खिळे पण द्यायला पाहिजे होते.” बाजारपेठेतल्या गोलाईत लोक उगाच थांबून एकमेकांना ‘जिल्ह्याचं ठिकाण’ असं म्हणून बघत. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं गेलं, दुसऱ्या वर्षी विहिरींचा तळ दिसायला लागला आणि गावात टँकर फिरू लागले. अव्वानं भांडी राखेनं कोरडीच घासायला सुरुवात केली. ताटं विसळायला नकोत म्हणून ती संध्याकाळी सुशीला करी. चुरमुरे पाण्यात बुडवून पिळायचे, त्या पिळलेल्या पाण्यावर तुळस जगवायची, आणि चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याचा कूट लावून फोडणी द्यायची. ते आम्ही कागदावर घेऊन खात असू. म्हणजे पुन्हा पत्रकांवरच. खाता खाता मजकूर उघडा पडत जायचा आणि मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसायचे.

आडत बाजाराच्या मागे एक चुन्याची गल्ली होती. कॉलेजला जायचा जवळचा रस्ता तिच्या तोंडावरून जायचा, आणि तिथं आलं की आम्ही मुली पुस्तकं छातीशी धरून भराभर चालायचो. त्या गल्लीत धंदा करणाऱ्या बायका राहत. आम्हाला त्या दिसत, पण आम्ही त्यांच्याकडे पाहत नसू. जिल्हा झाल्यावर मात्र सगळ्यांना ती गल्ली एकदम दिसायला लागली. नवे साहेब येणार, नव्या कचेऱ्या होणार, आणि बाजाराच्या पाठीला हे काय, असं म्हणत व्यापाऱ्यांनी एक सुधार समिती काढली. तिचे चिटणीस शिवराजअप्पा. ते आमचे लांबचे नातेवाईक आणि छापखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

मी पेटून उठले ते त्यांच्या सांगण्यावरून नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मला त्या गल्लीची घाण वाटत नव्हती, चीड येत होती. बाईचं शरीर विकलं जातं आणि आपण पुस्तकं छातीशी धरून पुढे जातो, याची चीड. एका बैठकीत मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता, ‘बाजार उठवा!’ खाली लिहिलं होतं की या पतित भगिनींना गुलामीतून सोडवा, हा व्यवहार मुळासकट बंद करा, नव्या जिल्ह्याच्या कपाळावरचा कलंक पुसा. खाली माझं नाव, गिरिजा, पूर्ण नाव-आडनावासकट. मीच जुळवलं, मीच मशीनवर पाय मारला. अप्पांनी एक प्रत उचलून चष्म्याखालून वाचली.

“प्रूफ कुणाला दाखवलंस?” त्यांनी विचारलं.

“मीच तपासलं की.”

“गिरजे, लग्नपत्रिका असली तर मी प्रूफ नवरीच्या घरी पाठवतो. दहाव्याचा कागद असला तर मयताच्या लेकाला दाखवतो. ज्याचा कागद त्यानं वाचायचा. हे कुणाचा कागद हाय?”

“समाजाचा,” मी म्हणाले.

अप्पांनी प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि शाईचा डबा उघडला.

पत्रक गाजलं. कॉलेजात एका प्राध्यापकांनी ते वर्गात वाचून दाखवलं, आणि मी आठवडाभर जमिनीच्या दोन बोटं वरून चालत होते.

मग एका दुपारी चंद्राबाई आल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, डोक्यावरून पदर घेतलेला, हातात घडी केलेले दोन कागद. अप्पा बाजारात गेले होते. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गिरिजा म्हंत्यात ती तूच का गं?”

“हो.”

“मी चुन्याच्या गल्लीतली. चंद्राबाई. मला वाचता येत न्हाई. हे तू लिवलंस म्हंत्यात. जरा वाचून दाखव.”

त्यांनी माझंच पत्रक माझ्या हातात दिलं. मी वाचायला लागले. वर्गात प्राध्यापकांच्या तोंडून जे शब्द कडकडीत वाटले होते, ते त्यांच्यासमोर माझ्या जिभेवर चिकटायला लागले. ‘पतित’ला मी अडखळले. ‘कलंक’ म्हणताना वर बघता येईना. त्या मात्र शांतपणे ऐकत होत्या, जसं कुणी परगावचं पत्र ऐकावं.

“झालं?”

“झालं.”

“बाजार उठवा म्हंजे काय गं?”

“म्हणजे... हा व्यवहार बंद करा.”

“आमच्याकडं बाजार उठवला म्हंजे माणसाची वाट लावली,” त्या म्हणाल्या. “बरं, तू तसं म्हणाली नसशील. पण ह्यो दुसरा कागद बघ. ह्याला तुझा कागद टाचून जोडलाय म्हंत्यात.”

दुसरा कागद कचेरीतून आलेली नोटीस होती. गल्लीतल्या बायकांना वस्तीतून हटवून शहराबाहेर पाठवावं, असा अर्ज समितीनं नव्या दंडाधिकाऱ्यांकडे केला होता. तसं का करू नये याची कारणं दाखवायला बायकांना बोलावलं होतं. पूर्वी असल्या अर्जासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागत, म्हणून कुणी घालत नसे. आता कचेरी गावातच होती. आणि अर्जासोबतच्या कागदांच्या यादीत शेवटचं नाव माझ्या पत्रकाचं होतं: ‘स्थानिक सुशिक्षित तरुणींची भावना’.

“आता उठून कुठं बसू, तेवढं सांग,” चंद्राबाई म्हणाल्या. “गावाभायेर माळ हाय नुसता. आन् ही नोटीस लागल्यापासून टँकर गल्लीत येईना झालाय. डायवर म्हणतो, तुम्ही जाणारच हाव, पाणी कशाला पाजू?”

तेवढ्यात अव्वा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या दिवसांत पाहुण्याला पाणी विचारायची पद्धतच गावानं बंद केली होती. चंद्राबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. “नका बाई, आमच्याकडं आल्यावर तुमाला परत पाजता येणार न्हाई.”

“परत कोण मागायलंय? प्या. आन् उंबऱ्यात नका उभ्या राहू, ऊन लागायलंय,” अव्वा म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, “तू काय खांबासारखी उभी? बाकडं झाड.”

त्या बसल्या, तांब्या रिकामा केला, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “लिवायला तुला येतंय. उठवायचं लिवलंस, आता ऱ्हायाचं लिव.”

दुसऱ्याच दिवशी मी नांदेडची एसटी धरली. तिथं माझ्या मावशीचे यजमान वकील होते. अहमदपूर, लोहा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून कोरडीच पडलेली काळी रानं, आणि खिडकीतून येणारी तव्यासारखी हवा. बसभर मी मनातल्या मनात भाषण करत होते, पण ते कुणाविरुद्ध करायचं हे कळत नव्हतं. मावशीनं गेल्या गेल्या अंघोळीला दोन बादल्या पाणी दिलं. गोदावरी आटली तरी नांदेडकरांना तेवढा थाट परवडत होता. मी एकीनंच अंघोळ केली आणि दुसरी तशीच ठेवली, तर मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी जेवताना कायदा सांगितला. त्यांची सांगायची तऱ्हा घासागणिक एक कलम अशी होती. “बाईनं हा धंदा करणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. पण त्यासाठी घर चालवणं गुन्हा. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. देवळाजवळ, शाळेजवळ करणं गुन्हा. आणि हे सगळं नसलं तरी दंडाधिकारी तिला वस्तीतून जा म्हणू शकतो. म्हणजे बाई बेकायदेशीर नाही, तिला टेकायला जी जागा लागते ती सगळी बेकायदेशीर.”

“मग सरळ परवाना का देत नाहीत? नोंदणी करा, तपासणी करा, ओळखपत्र द्या. मग कुणी हात लावणार नाही.”

“लिहून काढ,” काका भात कालवत म्हणाले. “आणि ज्यांना परवाना पाहिजे म्हणतेस त्यांना वाचून दाखव. मी नंतर बघतो.”

मी रात्रीची वाट न बघता तिथंच जेवणाच्या पाटावर खरकटा हात धुऊन लिहायला बसले. या खेपेला माझं पत्रक ‘बंद करा’ म्हणत नव्हतं, ‘मान्यता द्या’ म्हणत होतं. पण उद्गारचिन्हं तेवढीच होती.

लातूरला परतल्यावर चुन्याच्या गल्लीत मी पहिल्यांदा आत शिरले ती भर दुपारी. मला काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. दिसलं ते असं की एक जण तूर निवडत होती, एक जण दुसरीच्या डोक्यात तेल घालत होती, आणि ओट्यावर दप्तर टाकून एक लहान मुलगी पाढे घोकत होती. चंद्राबाईंनी सगळ्यांना हाका मारल्या. मी खोलीच्या मध्ये उभी राहून वाचलं: आम्हाला परवाना मिळावा, आमची नोंद सरकारी रजिस्टरात व्हावी, आमची दर आठवड्याला वैद्यकीय तपासणी व्हावी, आम्हाला छायाचित्रासह ओळखपत्र मिळावं.

संपल्यावर आधी मंगल बोलली. ती माझ्याच वयाची होती, पाढे घोकणारी मुलगी तिची. “कार्डावर फोटू बी असंल?”

“हो. म्हणजे तुझी ओळख पटेल.”

“कुणाला पटंल? हिच्या शाळेतल्या बाईंना?”

“तपासणी आमचीच का?” तेल घालणाऱ्या हसीनाबी म्हणाल्या. “जो आता है उसकी नको? त्यालाबी द्या की परवाना. गळ्यात अडकवून येऊ दे, आडत दुकानाच्या बिल्ल्यासारखा.” सगळ्या खोखो हसल्या. एकीनं समितीतल्या एका थोराचं नाव घेऊन त्याचा फोटो कसा निघेल ते करून दाखवलं. मलाही हसू आलं आणि त्याच क्षणी कान तापले.

चंद्राबाई हसल्या नाहीत. “माझी आजी सिकंदराबादेला छावणीत होती,” त्या म्हणाल्या. “गोऱ्या पलटणीची छावणी. तिच्याजवळ होता असा कागद. दर आठवड्याला दवाखान्यात बायकांची रांग, दाखवायचं, शिक्का घ्यायचा. शिक्का चुकला की शिपाई दारात. पुढं तिनं ते सोडलं, विड्या वळायला लागली. तरी शिपाई दारात. म्हणायचा, तुझं नाव आमच्या वहीत हाय. नाव चढवायला एक दिवस लागतो पोरी, उतरवायचा दिवसच त्यांच्याकडं नसतो.”

“मग तुम्हाला काय पाहिजे?” मी विचारलं. दोन पत्रकं लिहून झाल्यावर मी हे पहिल्यांदा विचारत होते.

उत्तरं एकदम आली आणि मी खाली बसून लिहायला लागले. टँकर. रेशनकार्ड. पोलिसानं दार वाजवलं तर कशासाठी ते सांगावं. पोरींना शाळेत बापाचं नाव विचारून रडवू नये. मंगल सगळ्यात शेवटी म्हणाली, “मला ज्यानं हितं आणून सोडलं, त्यो ह्या जवळच्या मुरुडच्या बाजारात राजरोस फिरतो. त्याच्या नावानं कुणी नोटीस काढत न्हाई. त्याची काढा म्हणावं.” चंद्राबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “मीबी आले ती माझ्या मर्जीनं न्हाई,” त्या मला म्हणाल्या. “पण आता जाईन तर माझ्या मर्जीनं. दुसऱ्यानं आणलं, दुसऱ्यानंच हाकलायचं, मंग माझं काय ऱ्हायलं?”

आता हे लिहिताना मला हसू येतं. गेली कित्येक वर्षं मला सभागृहांतून, परिसंवादांतून बोलावतात आणि विचारतात, वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का? एका बाजूला बंद करा म्हणणारे असतात, दुसऱ्या बाजूला परवाना द्या म्हणणारे. मी दोन्ही बाजूंना बसून आलेली आहे, आणि तेही एकाच महिन्यात. बाईला गुन्हेगार ठरवू नका. तिला विकणाऱ्याला आणि कोंडणाऱ्याला सोडू नका. तिच्या नावाची वेगळी वही करू नका. दवाखाना असू द्या, पण त्याच्या दारात शिपाई नको. माझं मत एवढंच आहे, आणि ते मी पुस्तकातून आणलेलं नाही. त्या खोलीत तूर निवडता निवडता ते मला सांगितलं गेलं.

मग जबाब लिहायला घेतला. ‘आम्ही खाली सह्या करणाऱ्या’ असं लिहून मी अडले. पुढे काय म्हणायचं? ‘भगिनी’ त्यांनी उडवून लावलं. हसीनाबी म्हणाल्या, बहीण म्हणणाऱ्यानं कधी राखी आणली नाही. नोटिशीतला शब्द कुणाला तोंडात घ्यायचा नव्हता. शेवटी चंद्राबाई म्हणाल्या, “ऱ्हाणाऱ्या लिव. चुन्याच्या गल्लीत ऱ्हाणाऱ्या.” मी लिहिलं, ‘आम्ही या गल्लीत राहतो.’

“तसं नको. आम्ही हितं ऱ्हाऊन ऱ्हायलो, असं लिव.”

“मावशी, ते शुद्ध नाही. लेखी भाषेत ‘राहतो’ म्हणतात.”

“राहतो म्हंजे आज राहतो, उद्या न्हाई. लॉजवरचा माणूसबी राहतो. आम्ही ऱ्हाऊन ऱ्हायलो. माझ्या आधीची मेली ती हितंच मेली, मंगलची पोर झाली ती हितंच झाली. ते तुझ्या ‘राहतो’त येतंय का?”

येत नव्हतं. मी ‘राहून राहिलो’ असं लिहिलं. माझ्या हातून उद्गारचिन्ह न देता संपलेलं ते पहिलं वाक्य असावं.

अप्पांनी जबाब वाचला आणि म्हणाले, हाताच्या अक्षरात नको, छापून देऊ. छापलेला कागद लोक फेकायच्या आधी एकदा बघतात. मी जुळवला. या वेळी ओलं प्रूफ घेऊन मी स्वतः गल्लीत गेले आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. दोन ठिकाणी त्यांनी बदल सांगितले, एका ठिकाणी माझं विशेषण काढायला लावलं. घरी परतले तर बाकावर शिवराजअप्पा बसलेले. अव्वानं त्यांच्यासमोर चहा ठेवला होता, तो निवत चालला होता.

“लेकीला आवरा,” ते अप्पांना म्हणत होते. “समाजात तोंड दाखवायचंय तुम्हाला. समितीची कामं मग मला दुसरीकडं द्यावी लागतील.”

“द्या की,” अप्पा म्हणाले. “तुमच्या अर्जाला जोडलेलं पत्रक ह्याच मशीनवर निघालं, तवा मी काही बोललो न्हाई. आता त्या बायांचा जबाब निघायलाय. माझ्याकडं लाल झेंड्याचं छापतो, भगव्याचं छापतो. हे छापणार न्हाई म्हणालो तर मी छापखानेवाला कशाचा? चहा घ्या, गार व्हायलाय.”

ते चहा न घेता गेले. तो अव्वा प्यायली, उभ्या उभ्या, एका घोटात. “दुष्काळात सांडायचा का मग?” ती म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत माणसं मावत नव्हती. कचेरी अजून शाळेच्या एका जुन्या इमारतीत होती, भिंतीवर फळ्याची चौकट तशीच होती. एका बाजूला समितीचे लोक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या अकरा जणी, धुवट सुती लुगड्यांत. ते कपडे कुठल्या पाण्यानं धुतले होते हे मला माहीत होतं; अव्वानं आणि शेजारच्या दोघींनी आपापल्या वाट्यातून एकेक घागर पाठवली होती. काका नांदेडहून आले होते, पण चंद्राबाईंनी त्यांना सांगितलं होतं, “आधी आम्ही बोलू. अडलं तर तुम्ही.”

कारकुनानं जबाबाचा कोरा नमुना पुढे घेतला. “नाव?”

“चंद्राबाई.”

“धंदा?”

मागे कुणीतरी खाकरलं.

“आधी पत्ता लिवा,” चंद्राबाई म्हणाल्या. “नोटीस पत्त्यावरून काढलीया, धंद्यावरून न्हाई. धंदा गुन्हा न्हाई म्हंत्यात कायद्यात. हे वकीलसायेब बसलेत, इचारा.”

काकांनी मान खाली घालून हसू लपवलं. दंडाधिकारी साहेब तरुण होते, बोलण्यावरून पुण्याकडचे. त्यांनी आमचा छापील जबाब उचलला, वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. “हे काय? ‘आम्ही इथं राहून राहिलो.’ ही छपाईची चूक आहे का?”

मी उठणार होते. व्याकरण समजावून सांगायला माझ्याइतकं तयार त्या खोलीत कुणी नव्हतं. चंद्राबाईंनी हातानं मला खाली बसवलं.

“चूक न्हाई सायेब. आमच्याकडं असंच म्हंत्यात. म्हंजे आधीपासून हाव, आत्ताबी हाव, आन् अजून उठलो न्हाई.”

पहिले हसले ते समितीच्याच बाजूचे कुणीतरी, कारण ते वाक्य त्यांच्याही घरात रोज बोललं जात होतं. मग खोलीभर हसू पसरलं. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी शिवराजअप्पांना विचारलं, “यांना कुठं पाठवायचं म्हणता तुम्ही?”

“शहराबाहेर. माळावर.”

“तिथं पाणी आहे?”

शिवराजअप्पा समितीकडे बघायला लागले, समिती खिडकीकडे.

“या दिवसांत बिगरपाण्याच्या माळावर माणसं धाडायचा हुकूम मी काढू?” साहेबांनी विचारलं. मग त्यांनी माझं जुनं पत्रक वर धरलं. “आणि ही सुशिक्षित तरुणी कोण?”

मी उभी राहिले. “मी आहे. ते मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं. ते मी मागे घेते.”

इतक्या वर्षांत मी बरंच काही लिहिलं, बऱ्याच व्यासपीठांवर बोलले. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात उपयोगी भाषण तेच.

अर्ज फेटाळला गेला. याहून मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. कायदा होता तसाच राहिला. मंगलनं त्या मुरुडच्या माणसाविरुद्ध दिलेली फिर्याद काकांनी दोन वर्षं लढवली, आणि तो आत गेला; जायला हवा होता तितक्या वर्षांसाठी नाही, पण गेला. समितीची कामं दुसऱ्या छापखान्यात गेली आणि अप्पांनी त्या रिकामपणात बाकी राहिलेले सगळे झिजके खिळे बदलून घेतले. आणि निकालानंतर चौथ्या दिवशी टँकर गल्लीत आला.

मी कॉलेजहून येत होते. आता त्या तोंडाशी आल्यावर भराभर चालायची सवय गेली होती. आतून एवढा गलका ऐकू आला की मला वाटलं, पुन्हा काही झालं. धावत गेले तर टँकरभोवती घागरींची रांग, आणि रांगेत पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही आलेल्या. त्यांच्या टँकरचं पाणी संपलं होतं. त्यांतल्या एकीच्या नवऱ्याची समितीच्या अर्जावर सही होती. ती पदर कंबरेला खोचून मंगलशी भांडत होती. “माझी घागर आधी होती गं, तू कवा आलीस?” मंगल तेवढ्याच जोरात, “तुझी घागर? पेंदा फुटलेली ती? ती तर कवाच ढकलली बाजूला, नंबर लाव!” “लई शहाणी हाईस!” “तू कमी हाईस का?” दोघींच्या मध्ये मंगलची मुलगी कान बंद करून उभी. हसीनाबी टँकरच्या चाकावर चढून पाइप सांभाळत होत्या आणि दोघींनाही शिव्या देत होत्या, कुणाचाही पक्ष न घेता. त्या बाईला मंगलच्या घागरीला घागर लावायचा विटाळ वाटत नव्हता, तिला फक्त पुढचा नंबर हवा होता.

चंद्राबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका खूश मी कचेरीतही पाहिला नव्हता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, मनात वाक्यं जुळत होती, काहीतरी मोठं म्हणावंसं वाटत होतं.

“उभी काय ऱ्हाऊन ऱ्हायलीस?” त्या म्हणाल्या. “पदर खोच. माझी घागर धर आधी.”